वेल्डिंगचा पहारा

गाडी नापास करा असं सांगायला मी माझ्या पायांनी पासिंगवाल्याकडे गेले होते. कुणी ढकललं नव्हतं मला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बिचारी बाई. बिचारी वगैरे काही नाही मी.

गाडी म्हणजे आमची डिझेल व्हॅन, सव्वीस वर्षांची. आमच्याकडे यायच्या आधी ती एका बेकरीचे पाव पोचवायची. आमचे हे बस डेपोत हेड मेकॅनिक होते. तिथं सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, आणि घरी भांडण जुंपलं की मीही उस्तादच म्हणायचे. रिटायर झाल्यावर महिन्याभरात त्यांनी ती व्हॅन आणून दारात उभी केली. मी म्हटलं, "ही म्हैस कुणाची?" तेच नाव पडलं. मग आत पलंग ठोकला, दोन बर्नरची शेगडी आली, पाण्याचा कॅन आला, हात धुवायला एवढंसं बेसिन आलं. पडदे मी शिवले. शिवणकाम हाच माझा धंदा, शाळेचे गणवेश शिवून शिवून कंबर गेलेली.

शिव्या घालायचे मी त्या गाडीला, पण खरं सांगू? आवडायची मला. तळ्याकाठी, जंगलाच्या कडेला, जिथं सपाट जागा मिळेल तिथं आमचा संसार. थंडीत सकाळी चावी अर्धी फिरवायची, हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत गप्प बसायचं, मग स्टार्टर. म्हैस खाकरायची, काळा धूर सोडायची, आणि हे डोळे मिटून ऐकत राहायचे. "दोन नंबरचा नोझल गळतोय." खोललं की दोन नंबरचाच निघायचा. डिझेल फिल्टर, पट्टे, ऑइल, सगळं वेळच्या वेळी. स्वतःचं ब्लडप्रेशर कधी तपासलं नाही, पण म्हशीच्या ऑइलचा थेंब बोटावर घेऊन उजेडात बघितल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. माझ्या केसांना कायम डिझेलचा वास. लेक म्हणायची, "आई, तू जवळ आलीस की पेट्रोल पंपावर आल्यासारखं वाटतं."

मग डोळ्यांचं सुरू झालं. काचबिंदू. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून दाखवलं, मधलं एवढंसं पांढरं, बाकी सगळं पेनानं काळं केलेलं. "समोरचं स्पष्ट दिसेल, कडेचं गेलंय. ते परत येत नाही. गाडी आजपासून बंद." यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि बाहेर येऊन गाडीची चावी काढली.

"अहो, काय सांगितलं त्यांनी?"

"डॉक्टरला काय कळतंय? आण तुझी सुई, एका झटक्यात दोरा ओवून दाखवतो."

आणि ओवायचेही! हीच तर गंमत. माझ्या हातून तीनदा चुकणारा दोरा हे पहिल्या फटक्यात ओवायचे, आणि उठून जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे. मी बोलले नाही असं नाही. तीनदा बोलले. एकदा समजुतीनं, एकदा रडून, एकदा जेवणाचं ताट आपटून. प्रत्येक वेळी सुईदोरा. आठ दिवस अबोला धरला, तर म्हणाले, "घरात कशी शांतता आहे."

मग मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांचे डोळे झाले. "डावीकडून स्कूटर येतेय हं." "कडेला म्हातारे गृहस्थ आहेत." जणू काही सहजच गप्पा मारतेय. दोन तासांच्या रस्त्याला माझी मान पार आखडून जायची.

त्या दिवशी मी फक्त पाण्याची बाटली उघडायला खाली बघितलं. खट्‌ असा आवाज झाला. हे म्हणाले, "दगड उडाला वाटतं." मी आरशात बघितलं तर सायकल आडवी, आणि एक बाई खड्ड्यात गुडघ्यांवर. आमचा डावा आरसा तिच्या हँडलला लागला होता. ती उठली, आमच्याकडे बघून हात उगारला. वीतभर, फार तर वीतभर इकडे असती तर ती उठली नसती. यांना काही कळलंच नाही. शीळ घालत पुढं निघाले. मी ती बाटली तशीच उघडी हातात धरून घरी आले.

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, आता तू काहीतरी कर, नाहीतर मी येऊन सगळ्यांसमोर बोलते बाबांशी."

सगळ्यांसमोर! ज्या माणसाला सगळा डेपो उस्ताद म्हणायचा, त्याला सगळ्यांसमोर आंधळा म्हणायचं? ते माझ्याच्यानं होणार नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की यांना नको, गाडीला नापास करू.

पासिंगवाला पूर्वी डेपोत यांच्याच हाताखाली होता. आता पन्नाशीचा, पोट सुटलेला. मला बघून खुर्ची पुढं केली. मी सरळ विषयालाच हात घातला, यांच्या डोळ्यांपासून सगळं सांगितलं.

"वहिनी, असं कसं? उस्तादांची गाडी नापास करू मी?"

"गंज नाहीये कुठं?"

त्यानं खाली बघितलं. "सव्वीस वर्षांच्या गाडीला गंज असणारच. उजव्या बाजूच्या खालच्या पट्टीत बोट घातलं तर आरपार जाईल. गेल्या वर्षी मी कानाडोळा केला."

"या वर्षी करू नका."

"पण त्यापेक्षा डोळ्यांचंच सरळ सांगा ना त्यांना."

"तुम्ही सांगता?"

तो रिकामा कप उचलून पुन्हा खाली ठेवत म्हणाला, "मंगळवारी आणा गाडी."

माझा अंदाज काय होता, सांगते. कागदावर नापास दिसलं की दोन दिवस चडफडतील, भांडी आपटतील, मग म्हणतील, जाऊ दे, म्हातारी झाली बिचारी. दोष गाडीचा, यांची अब्रू शाबूत. चाळीस वर्षं संसार केला आणि मला नवरा कळला नाही!

मंगळवारी हे तो कागद घेऊन बाहेर आले ते हसतच. "खालची पट्टी गेलीय म्हणे. बरोबर आहे त्याचं, मीच आळस केला. नवा पत्रा मारतो. दोन दिवसांचं काम." बऱ्याच महिन्यांनी गडी खुशीत होता. गाडीत दोष निघाला म्हणजे यांच्या हाताला काम मिळालं, एवढी साधी गोष्ट मला सुचू नये?

"अहो, तुमचे डोळे..."

"वेल्डिंगला काय लागतं? काळ्या काचेतून टिकलीएवढा ठिपका. तेवढं दिसतंय मला."

आणि मी त्यांचा डेपोतला जुना शर्ट काढून दिला.

घरामागच्या मोकळ्या जागेत म्हशीची उजवी बाजू उचलून लोखंडी घोडीवर टेकवली. बॅटरी काढली. गाद्या बाहेर काढल्या, शेगडीचा सिलिंडर लांब नेऊन ठेवला. सगळं पद्धतशीर. पहिला दिवस गंज कापण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मला हाक मारली. खालून वेल्डिंग चाललं की वर आत एक माणूस पहाऱ्याला लागतो. पत्रा तापून आत कुठं काही पेटलं तर खालच्याला कळत नाही. मला आत उभं केलं. पाण्याची बादली, ओलं गोणपाट, हातात मोठा पाना.

"डोळ्यात तेल घालून बघ. धुराची रेघ दिसली की पान्यानं दोनदा ठोक. मी थांबतो."

"आणि नाही ठोकलं तर?"

"मग माझा पापड होईल," म्हणाले आणि हसत हसत गाडीखाली सरकले.

भिंतीच्या प्लायवूडमागं यांनीच कधीतरी फोम कोंबला होता, मला थंडी वाजते म्हणून. तो काढायचा राहिला. त्यांनाही आठवलं नाही, मलाही.

खालून चरचर सुरू झाली. फटीतून निळा उजेड यायचा. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मग पलंगामागं, प्लायवूडच्या खालच्या कडेला, स्क्रूच्या भोकातून धूर निघाला. उदबत्तीएवढा.

मी पाना उचलला.

आणि नाही ठोकला.

कुणी काही म्हणा, मी तेव्हा वेडी झाले नव्हते. मला स्वच्छ दिसत होतं सगळं. जळू दे, म्हटलं. हे खाली आहेत, पाय बाहेर आहेत, एका हाकेत बाहेर येतील. टाकी मागं आहे, लांब. एकदा ही गेली की सुटलो आम्ही. ती सायकलवाली सुटली, रस्त्यावरचं प्रत्येक माणूस सुटलं. मी वीसपर्यंत मोजायचं ठरवलं. मग ओरडायचं. मशीनवर टाके मोजायची मला सवय आहे. मी एक एक करून वीस मोजले.

अठराला धूर पिवळा झाला. विसाला प्लायवूड आतून फुटल्यासारखं झालं आणि जाळ सरळ पडद्यावर गेला. मी बादली ओतली, काही उपयोग झाला नाही. ठोकलं, ठोकलं, पाच-सहा वेळा ठोकलं. काळा धूर घशात गेला. डाव्या बाजूच्या सरकत्या दारातून मी बाहेर पडले आणि मागून वळसा घालून यांच्या बाजूला धावले.

हे बाहेर आले होते. उभे होते, वेल्डिंगची काळी काच भिरकावलेली, तोंड गाडीकडे. मी त्यांच्या डाव्या हाताला होते. दोन हातांवर. हाक मारायला गेले तर घशातून नुसती शिट्टी निघाली.

ते माझं नाव घेऊन ओरडले. आतल्या धुराकडे बघून ओरडले. मान जरा, जराशी डावीकडे वळवली असती तरी मी दिसले असते. नाही वळवली. मी आत आहे असंच वाटलं त्यांना. पहाऱ्याला आतच तर उभं केलं होतं मला. मी हात पुढं केला, शर्टाचं टोक बोटांत आलं आणि सुटलं. ड्रायव्हरचं दार उघडून ते आत शिरले.

शेजारच्या सुतारानं धावत येऊन, पाय धरून ओढून काढलं त्यांना. तेव्हाही हात पुढंच होते, चाचपत असल्यासारखे.

जीव वाचला. हात गेले. आहेत, पण बोटं एकमेकांना चिकटलेली. डॉक्टर म्हणाले पुढं एखादं मोकळं करता आलं तर बघू. म्हशीचा सांगाडा भंगारवाला दोरी लावून घेऊन गेला. मला हवं होतं ते झालं बघा. रस्ता सुरक्षित झाला.

बोलायला लागले ते बाराव्या दिवशी. दुपारची वेळ, वॉर्डात भेटीला आलेल्यांची गडबड. लेक औषधं आणायला खाली गेली होती. मी खाटेच्या कडेला बसले होते. मला शोधायला त्यांनी मान पूर्ण वळवली, अगदी उशीवर गाल टेकेपर्यंत.

"तू कुठं होतीस?"

"तुमच्या शेजारी. डाव्या हाताला."

त्यांनी मान सरळ केली. मग म्हणाले, "म्हणजे डॉक्टर खरं सांगत होता."

"हो."

वर्षभर मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि वाटलं, जमीन फाटून आत घेईल तर बरं.

पण उस्ताद ते. बंद पडलेलं इंजिन जसं एकेक भाग सुटा करून बघायचे, तसं ते मनातल्या मनात त्या दुपारचं करत होते, मला दिसत होतं.

"धूर पहिल्यांदा कुठं दिसला?"

"स्क्रूच्या भोकातून."

"रेघेएवढा?"

"हो."

"आणि लगेच ठोकलंस."

"लगेच."

त्यांनी डोळे मिटले. "रेघ दिसल्यापासून पडद्यापर्यंत जाळ जायला वेळ लागतो गं. मी थांबलो असतो, बाहेर आलो असतो, ओलं गोणपाट टाकलं असतं, तरी वेळ उरला असता."

पलीकडच्या खाटेवरचा माणूस खोकत होता. यांनी पुन्हा मान वळवली, मी पूर्ण दिसेपर्यंत वळवली, आणि नीट बघितलं माझ्याकडे.

मग म्हणाले, "वारा असेल. वाऱ्यानं भडकलं."

त्या दिवशी झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. वेल्डिंगला बरं म्हणून यांनीच तो दिवस निवडला होता.

"हो," मी म्हटलं. "वारा फार होता."