चांदपाशांच्या पिवळ्या कॅप्सूल

"अब्बांनी डॉक्टरच्या गोळ्या सोडल्यात," फोनवर अम्मी म्हणाली. "तू सांगितलेल्याच घेऊन राहिलेत. त्या पिवळ्या, रक्ताच्या नळ्या साफ करणाऱ्या."

लातूरच्या एसटीडी बूथमध्ये उभ्या बुशराला काही कळेना. तिनं गोळ्या कधी सांगितल्या? मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी लावलेल्या क्लासमध्ये शिकलेलं तिनं ईदच्या सुट्टीत घरी हौसेनं सांगितलं होतं, एवढंच. रक्तातली चरबी खवट झाली की ती रक्तवाहिनीत आतून चिकटते. फळं-भाज्यांतली जीवनसत्त्वं ते खवटणं थोपवत असावीत. अब्बांनी, म्हणजे चांदपाशांनी, त्यातलं जीवनसत्त्वं तेवढं उचललं आणि औषधाच्या दुकानातून त्यांच्या कॅप्सूल आणल्या. भूकंपानंतर किल्लारीकडं पत्र्याची घरं उभी करणारा दणकट माणूस. वर्षभरापासून त्यांच्या छातीत कळ यायची.

दुसऱ्या दिवशी क्लासची मोठी टेस्ट होती. बुशरा हॉस्टेलवर न जाता नांदेडची गाडी पकडायला सरळ स्टँडवर गेली. एसटीत जागा मिळाली तरी तिला बसवेना. वाटेत लोह्याला गाडी थांबली तेव्हा तिनं कंडक्टरला तिसऱ्यांदा विचारलं, "अजून किती वेळ?"

नांदेडला अब्बा दुकानात पत्र्याची पेटी ठोकत होते.

"टेस्ट सोडून आलीस?"

"डॉक्टरच्या गोळ्या कुठंयत?"

"मला काय झालंय? हे बघ!" म्हणत त्यांनी शेजारची अवजारांनी भरलेली पेटी उचलली. अर्ध्यातच ती खाली आदळली. ते भिंतीला टेकले. कपाळ घामानं डबडबलं होतं.

रिक्षा, दवाखाना, सलाईन. वेळेवर आणलं म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, "पालक, पेरू, टमाटे खा, चांगलंच हाय. पण कॅप्सूल घेतली म्हणून हार्टचं दुखणं टळत न्हाई. हजारो माणसांवर केलेल्या मोठ्या अभ्यासांत तसा फायदा दिसला न्हाई. माझ्या गोळ्या बंद करायच्या न्हाईत."

ते गेल्यावर बुशरा पुटपुटली, "मी ताटातलं सांगत होते, अब्बा. बाटलीतलं न्हाई."

चांदपाशांनी मान तिच्याकडं वळवली. "डॉक्टरची गोळी घेतली की मी मलाच बिमार वाटायचो, बेटा. ही घेतली की वाटायचं, माझी पोरगी डॉक्टर झाली."

बुशराला तिथं बसवेना. ती व्हरांड्यात आली, दोन चकरा मारल्या, परत आत गेली. अम्मीनं पुढं केलेली डॉक्टरची गोळी अब्बांनी तोंडात टाकली होती. बुशरानं पाण्याचा गिलास त्यांच्या ओठांना लावला आणि ते गिळेपर्यंत तशीच उभी राहिली.