कलाकार: लवकरच जाहीर करू

यंदाच्या मैफलींच्या मोसमाचं पत्रक छापून आलं, तेव्हा पहिलं पान वगैरे न बघता मी ते थेट मधूनच उघडलं. तेवीस ऑक्टोबर, गुरुवार, संध्याकाळी साडेसात. एकतीस वर्षं जी ओळ बघायची राहिली होती, ती तिथे असायला हवी होती. तिथे छापलं होतं:

कलाकार: लवकरच जाहीर करू. पियानोची साथ: मार्लिस हाउगेन.

मी चष्मा पुसला, परत वाचलं. पान उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं. मागे सभागृहाच्या पार्किंगचा नकाशा होता.

मार्लिस हाउगेन म्हणजे मी. आयोवातल्या या विद्यापीठाच्या संगीत विभागात मी साथीदार आहे. पोरं शेवटच्या वर्षाची परीक्षा म्हणून मैफल देतात, शिक्षक आपला मान म्हणून देतात, आणि दोघांच्याही मागे पियानोवर मी असते. सप्टेंबर ते एप्रिल शंभरेक कार्यक्रम, त्यातले निम्मे तरी माझ्या बोटांवर उभे. ट्रॉम्बोनवाला घाबरून चार मात्रा आधीच घुसला, तर मी चार मात्रा गिळते. गाणारी शब्द विसरली, तर तिला ते सापडेपर्यंत मी तिथल्या तिथे घुटमळत राहते. लोक टाळ्या त्यांना देतात, मग ते माझ्याकडे हात करतात, मग मी उठून वाकते. कार्यक्रमानंतर लॉबीत कुणाची तरी आई घरी केलेल्या लिंबाच्या वड्या घेऊन उभी असते. ती म्हणते, "तुम्हीसुद्धा छान वाजवलंत हं." त्या 'सुद्धा'वर माझी सगळी नोकरी निघाली.

पियानोच्या झाकणाला दोन काठ्या असतात. साथीला वाजवायचं असलं की झाकण छोट्या काठीवर टेकवतात, अर्धवट उघडं, म्हणजे पुढे उभ्या असलेल्या माणसाचा आवाज दबत नाही. एकट्यानं वाजवायचं असलं की मोठी काठी. आमच्या सभागृहातल्या पियानोची मोठी काठी मी रोज बघते. माझ्यासाठी ती एकदाही लागलेली नाही.

कारण मी शिक्षक नाही, कर्मचारी. शिक्षकांच्या मैफलींच्या यादीत कर्मचाऱ्याला जागा नसते, मग त्या यादीचं ओझं तिच्याच पाठीवर का असेना. येत्या मे महिन्यात मी निवृत्त होते. म्हणून मागच्या वसंतात आमच्या प्रमुख डॉ. रास्क यांच्याकडे गेले. एकदा नाही, चारदा. चौथ्या वेळी रास्कबाई म्हणाल्या, "ठीक आहे मार्लिस, एक संध्याकाळ तुमची." चाळीस मिनिटांची एक सोनाटा आहे, एकट्या पियानोसाठी रचलेली, जी मी अकरा वर्षं घरी एकटीच वाजवते आहे. ती लोकांसमोर वाजवायची, एवढंच होतं माझं मागणं. डुलुथहून माझी मोठी बहीण आर्डिस सहा तास गाडी हाकून येणार होती. दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता ती विचारते, "काय गं, अजून दुसऱ्यांच्याच मागे का?" तिला एकदाचं उत्तर द्यायचं होतं.

पत्रक घेऊन मी तणतणत कार्यक्रमांच्या ऑफिसात गेले. तिथे जेनेल बसते. सगळं वेळापत्रक तीच लावते.

"हे काय छापलंय?" मी पत्रक तिच्या टेबलावर आपटलं. "माझ्या मैफलीतून मलाच काढून टाकलंत?"

"अहो, थांबा, थांबा," म्हणत तिनं फाइल काढली आणि माझा अर्ज माझ्यासमोर सरकवला. "मी जसाच्या तसा टाइप केलाय."

अक्षर माझंच होतं. वरच्या ओळीत 'कलाकार', त्यापुढे कोरं. खालच्या ओळीत 'साथीदार', त्यापुढे ठसठशीत सही, मार्लिस हाउगेन.

आमच्याकडे साथीदाराच्या सहीशिवाय कुठलाच अर्ज पुढे जात नाही. एका वर्षी तीन पोरांनी एकाच वेळी एकच पियानोवाली ठरवून टाकली होती, तेव्हापासूनचा नियम. यंदा ऑगस्टच्या एका आठवड्यात मी त्रेचाळीस अर्जांवर खालच्या ओळीत सह्या केल्या. चव्वेचाळिसावा माझा स्वतःचा होता. हात आपोआप खाली गेला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"अगं, पण तुला कळायला नको? कलाकाराची जागा कोरी कशी असेल?"

"मला वाटलं, कुणी मोठं पाहुणं येणार असेल," जेनेल म्हणाली. "नाव गुप्त ठेवलं असेल."

"आणि प्रूफ? प्रूफ कुणी तपासलं?"

तिनं फाइलमधून प्रूफही काढून माझ्यापुढे ठेवलं. प्रूफ मीच तपासलं होतं. हाउगेनच्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'ई' दर वर्षी गाळतात, म्हणून मी फक्त माझं नाव शोधत गेले. 'ई' होता. मी खूश होऊन परत पाठवलं होतं. स्वतःचीच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"बरं, जाऊ दे. आता वरच्या ओळीत माझं नाव घाल."

जेनेलनं पेन्सिल टेबलावर दोनदा आपटली. "मार्लिस, ती तारीख काल दुसऱ्याला गेली. प्रोफेसर प्रूइट आले होते. म्हणाले, कलाकार नाहीच आहे तर मी वाजवतो. रास्क मॅडमनी होकार दिला."

डग्लस प्रूइट आमचे चेलोचे प्राध्यापक. उन्हाळाभर कुठल्याशा महोत्सवात वाजवत हिंडले, अर्जाची मुदत चुकली, आणि परत येऊन पाहतात तो काय, तारीख तयार, सभागृह तयार, पियानोवालीसुद्धा तयार. आयत्या बिळावर नागोबा. त्याच दुपारी जिन्यावर गाठ पडली. पाठीवर चेलोची पेटी, हातात कॉफी.

"मार्लिस! देवानंच ठेवली होती गं ती तारीख माझ्यासाठी."

"देवानं नाही, मी ठेवली होती. ती माझी मैफल होती, प्रोफेसर."

"तुझी?" ते हसले. वाईट हेतूनं नाही, आणि त्याचाच जास्त राग आला. "म्हणजे, एकटीची? अगं, मग सांगायचं ना आधी! पण एवढं काय मनाला लावून घेतेस? त्या दिवशी स्टेजवर तू असणारच आहेस."

मी मान हलवली आणि त्यांच्या पेटीला वाट दिली. एकतीस वर्षं दुसऱ्यांनी श्वास घ्यायची वाट बघून आपला सूर लावायचा, ही सवय तोंडालाही लागते. ते शीळ घालत खाली निघून गेले.

मग रास्कबाई. रास्कबाईंचं ऑफिस म्हणजे गुळगुळीत टेबल आणि गुळगुळीत बोलणं.

"मला खरंच वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण पत्रकाच्या साडेचार हजार प्रती घरोघर गेल्यात. छापलेलं आता बदलता येत नाही."

"पण त्यात कलाकार छापलेलाच नाही!"

"म्हणूनच तर डग्लसना देता आलं. हे बघा, तुमच्यासाठी मी शनिवार काढून ठेवलाय. पंचवीस ऑक्टोबर, सकाळी अकरा."

"त्या दिवशी होमकमिंगची मॅच आहे."

"हो का?" रास्कबाईंनी कॅलेंडर बघितल्यासारखं केलं.

होमकमिंगची फुटबॉल मॅच म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांची जत्रा; त्या दिवशी या गावात कुत्रंसुद्धा घरी राहत नाही. आमच्या सभागृहाचं पार्किंग सकाळी सातपासून सॉसेज भाजणाऱ्यांना दिलेलं असतं. आमची निम्मी पोरं बँडच्या टोप्या घालून मैदानावर असतात. माझ्या सोनाटाचा सगळ्यात हळू भाग आणि बाहेर साठ ढोल. मी "विचार करते" म्हणाले आणि उठले. ही आणखी एक सवय.

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दारावर प्रूइटांचा अर्ज टाचलेला होता. कलाकार: डग्लस प्रूइट. साथीदाराची ओळ माझ्या सहीसाठी मोकळी. वर पिवळी चिठ्ठी, 'सही कर ना. दोन्ही सोनाटांचे कागद तुझ्या खणात ठेवलेत. दुसरी जरा अवघड आहे, आत्तापासूनच बस. ड.' म्हणजे माझी तारीख त्यांनी घेतली ती घेतली, वर अभ्यासही मीच करायचा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

तरी खरं सांगते, मी पेनचं टोपण काढलं होतं. अर्ज भिंतीला लावून, खालच्या ओळीवर निब टेकवायच्या बेतात होते. मे महिना काय, येतोच आहे. कशाला शेवटच्या वर्षी भांडण? तेवढ्यात फोन वाजला. आर्डिस.

"हॉटेल घेतलं गं मी," ती म्हणाली. "आणि ऐक, तुझं पत्रक आलं. नाव बघितलं तुझं, छान छापलंय. पण मला एक सांग, कलाकार कोण आहे?"

मी अर्ज भिंतीवरून खाली घेतला.

"मार्लिस? कुणाच्या मागे वाजवणार आहेस?"

टोमणा नव्हता तो. तिनं साधं विचारलं होतं. तिला खरंच वाटलं की नेहमीसारखंच कुणीतरी असेल. टोमणा असता तर मी हसण्यावारी नेला असता. "नंतर बोलते," म्हणून फोन ठेवला, पेनाला टोपण लावलं आणि अर्ज सही न करताच घेऊन प्रूइटांच्या खोलीकडे निघाले.

ते चेलोच्या तारा लावत होते.

"झाली सही?"

"नाही. मी वाजवणार नाही."

"दुसरी सोनाटा अवघड वाटते का? बदलूया हवं तर."

"दुसरी नाही, पहिली नाही, तेवीस तारखेला तुझ्याबरोबर काहीच नाही, डग्लस." त्या माणसाला मी पहिल्यांदाच 'तू' म्हटलं. जीभ अडखळली नाही.

त्यांनी चेलो खाली ठेवला. "अगं पण... सहीशिवाय अर्ज पुढे जायचा नाही. गावात दुसरं आहे कोण? मग माझ्या साथीला वाजवणार कोण?"

"लवकरच जाहीर करू," मी म्हणाले.

तासाभरात रास्कबाईंचा फोन आला. आवाज जरा खडबडीत झाला होता. प्रोफेसर फार दुखावलेत म्हणाल्या, विभागाची शोभा होईल म्हणाल्या, इतकी वर्षं तुमची कधी तक्रार नव्हती म्हणाल्या. ते शेवटचं मात्र अगदी खरं होतं.

"मॅडम, छापलेलं बदलता येत नाही, हे तुम्हीच सांगितलंत," मी म्हणाले. "त्या पत्रकात तेवीस तारखेपुढे एकच नाव छापलंय. ते माझं आहे. साडेचार हजार घरांत गेलंय. मी साडेसातला पियानोवर बसणार. प्रोफेसरांना शनिवार मोकळा आहे, सकाळी अकरा."

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"जेनेलकडे अर्ज नीट भरून द्या," शेवटी त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. अभिनंदन नाही, माफी नाही. पत्रकही पुन्हा छापणार नाहीत, सभागृहाच्या दारावर चिठ्ठी चिकटवणार.

जेनेलनं कोरा अर्ज काढला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवून धरलं. "इथे. वर. मी बोट काढत नाही."

मी लिहिलं. साथीदाराच्या ओळीत काय लिहू विचारलं, तर म्हणाली, ती रिकामी सोडता येत नाही. मी लिहिलं, 'कुणी नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सभागृह मोकळं मिळालं. मी झाकण उघडलं, बसले आणि सोनाटा सुरू केली. पहिलं पान संपायच्या आत वैताग आला. सूर पुढे जाईचना. घरच्या जुन्या पियानोवर ह्याच जागी सगळी खोली आवाजानं भरून जाते, आणि इथे आवाज जणू माझ्याच मांडीत पडत होता. पियानो लावणाऱ्याला शिव्या दिल्या. सभागृहाच्या छताला दिल्या. रास्कबाईंना तर दिल्याच. अकरा वर्षांच्या घोटण्यालाही दिल्या. मनात आलं, बरोबरच होतं त्यांचं, हिच्यात एकटीनं वाजवण्याइतका दम नाही. डोळ्यांत पाणी आलं.

ते पुसायला मान वर केली, तेव्हा दिसलं. झाकण अर्धवटच उघडलेलं होतं. छोट्या काठीवर. आणि मी आत शिरल्यापासून त्या पियानोला माझ्याशिवाय कुणीही हात लावला नव्हता.

मी उठले. झाकण एका हातानं तोलून धरलं आणि दुसऱ्या हातानं मोठी काठी उभी केली. झाकण चांगलंच जड निघालं. मग बसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.