सुगंधाबाईंच्या मरणाचा निरोप

सुगंधाबाई ओट्यावर तुरी पाखडत बसल्या होत्या आणि त्यांच्याच मरणाला रडत चार बाया गल्लीत शिरल्या. ब्राह्मणपुरीत मयताच्या घरी निघालेल्या बाया गल्लीच्या तोंडाशीच पदर तोंडावर ओढतात आणि तिथूनच गळा काढतात. त्यामुळे समोरचं काही दिसत नाही. सगळ्यांत पुढे छबूबाई होती, सुगंधाबाईंची चुलत जाऊ. ती रडतरडत ओट्यापाशी आली, पायरीची ठेच लागली म्हणून तिनं पदर बाजूला केला, आणि हातात सूप धरून बसलेली जाऊ पाहून ती पायरीवरच बसली.

"व माय, तू त जित्ती शे!"

"मंग? तुले काय वाटनं?" सुगंधाबाईंनी सूप खाली ठेवलं. "कोन मरनं ते त सांगा. मी बी येस."

छबूबाईची सून रुपा मागे उभी होती. तिनं मोबाईल काढला आणि दबक्या आवाजात वाचून दाखवलं: 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, सुगंधाबाई सुपडू पाटील, ब्राह्मणपुरी, यांचे आज सकाळी निधन झाले. अंत्ययात्रा राहत्या घरून दुपारी तीन वाजता निघेल.' खाली समाज मंडळाचं नाव होतं.

वर माडीवर हेमकांत हे सगळं ऐकत होता. त्याच्या समोर लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावर एक हिरवी खूण होती. हिरवी खूण म्हणजे चाचणी पास. एक निरोप धाडला, तीनशे चाळीस घरी पोहोचला, एकही चुकला नाही, असं तिच्या शेजारी लिहिलेलं होतं. दहा मिनिटांपूर्वी ती खूण पाहून तो खूश झाला होता. आता त्यानं घाईनं सेटिंगचं पान उघडलं.

हेमकांत सुरतच्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम करायचा. कोरोनात घरी आला तो घरूनच करू लागला. आई गावात सांगायची, मन्हा पोऱ्या दुसऱ्यांनी बनवलेल्या मशिनीतली खोट काढतो. ते खरंच होतं. कंपनी गावोगावच्या समाज मंडळांसाठी मोबाईलवरचं एक ॲप बनवायची. सभा, लग्न, साखरपुडा, मयत, सगळे निरोप त्यावरून जायचे. लोकांच्या हाती नवीन काही पडण्याआधी हेमकांत ते हजारदा दाबून, ओढून, चुकवून बघायचा. हाताने नाही, त्यासाठी एक टूल होतं. ते स्वतःच बटणं दाबायचं आणि शेवटी हिरवी नाही तर लाल खूण द्यायचं.

या टूलचं नवं रूप पक्कं होण्याआधी बनवणारे लोक त्याची कच्ची आवृत्ती बाहेर ठेवत. ज्याला हौस असेल त्यानं लावून बघावी, काही मोडलं तर कळवावं. हेमकांतला ती हौस भारी होती. कच्च्यातली खोट आपण आधी पकडली की दूरदेशीचे ते लोक आभाराच्या यादीत नाव घालत. तीन वेळा त्याचं नाव आलं होतं. गावात कुणाला त्याचं काही नव्हतं, पण त्यानं ती पानं जपून ठेवली होती. कच्च्या आवृत्तीवर लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं, खऱ्या कामाला वापरू नका. सुरतेहून त्याच्या वरिष्ठ जागृतीबेन यांनीही बजावलं होतं, वेगळ्या मशीनवर लावत जा. वेगळं मशीन कंपनीनं दिलेलंही होतं. ते जुनं होतं, सुरू व्हायलाच पाव तास घ्यायचं, म्हणून आज सकाळी त्यानं कच्ची आवृत्ती कामाच्याच लॅपटॉपवर लावली होती.

त्याचे वडील, सुपडू आप्पा, हयात होते तेव्हा कापसाचं नवं बियाणं आलं की आधी विहिरीजवळच्या चार ओळींत लावून बघायचे. एक पूर्ण हंगाम थांबायचे. दुकानदार हसायचा, पण आप्पा चार ओळींच्या वर जायचे नाहीत. हेमकांत त्याच घरात वाढला, आणि त्यानं सकाळी नवं बियाणं अख्ख्या शेतात फेकलं.

कुठं चुकलं ते त्याला आता दिसलं. चाचणीतले निरोप बाहेर जाऊ नयेत म्हणून सेटिंगमध्ये एक ओळ असायची, कुंपणासारखी. कच्च्या आवृत्तीत त्या ओळीचं नाव बदललं होतं. जुनं नाव तिला समजलं नाही, आणि न समजलेलं तिनं न बोलता सोडून दिलं. कुंपण गेलं आणि निरोप सरळ खऱ्या मंडळाच्या, त्याच्याच समाजाच्या घरांत गेला. आणि मयताच्या जागी आईचं नाव का? सहा वर्षांपूर्वी ही चाचणी पहिल्यांदा लिहिताना तिथं एक लांबलचक नाव हवं होतं. तेवढ्यात आई भाकरीचं ताट घेऊन आली. त्यानं मान वर न करता तिचं नाव टाकलं आणि जेवायला घेतलं. तेव्हापासून दर आठवड्याला आई त्या मशिनीत मरत होती आणि त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं.

तो खाली आला तेव्हा अंगण भरलं होतं. भिला आलेला होता, त्याच्या चुलत्याचा मुलगा आणि मंडळाचा सेक्रेटरी. ओंकारेश्वराच्या यात्रेला निघालेली माणसं अर्ध्या वाटेवरून परत फिरली होती. कुणी मयताची लाकडंही सांगून ठेवली होती. भिलाचा मोबाईल थांबत नव्हता.

"हाऊ निरोप कोनी धाडा?" भिलानं विचारलं. "मन्हाशिवाय फक्त तुन्हाकडे चावी शे."

भिलानं मग सगळ्यांसमोर सांगितलं की सुरतेला आत्ताच फोन लावतो, आणि येत्या सभेत याला उभं करून टोपी हातात घेऊन माफी मागायला लावतो. मंडळात ही शिक्षा होती. हेमकांतनं ती लहानपणी एकदा पाहिली होती. माफी मागितलेल्या त्या माणसानं पुढे गावात दुकान चालवलं, पोरींची लग्नं केली, पण सभेच्या ओळीत तो कधी पुढे बसला नाही.

हेमकांतला म्हणायचं होतं, चूक माझी. शब्द तोंडात आलेही होते. पण अंगणात साठ माणसं होती, आणि सगळ्यांना तो सुरतेचा साहेब म्हणून माहीत होता.

"त्याले काय विचारस?" सुगंधाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "मी धाडाले लावा."

सगळ्यांच्या माना ओट्याकडे वळल्या.

"मन्हा डोकावर कावया बठना. कावया बठना म्हंजे मरण येस, हाई तुमले माहीत शे. खोटा निरोप धाडा, सगासोयरा रडनात, का मरण टळस. जुना मानसं सांगी गयात. म्हनीसन पोऱ्याले सांगं."

म्हातारी माणसं माना हलवू लागली. पूर्वी डोक्यावर कावळा बसला की असंच करायचे, फक्त तेव्हा निरोप घेऊन माणूस जायचा. कुणीतरी म्हणालं, आता आयुष्य वाढलं हिचं. एकदोघं हसले. छबूबाईनं मात्र हेमकांतकडे पाहिलं.

"मन्हा दारनं निंबू-मिरची तूच काढी फेकं ना रे? मोठा शिकेल मानूस. आते कावयाले घाबरना का?"

सगळे हसले. हेमकांतही हसला. तेवढं हसणं त्याच्या चेहऱ्यावर कसं आलं, हे त्याला नंतर कितीतरी दिवस समजलं नाही. भिला कुरकुरला, मंडळाचं नाव असल्या कामाला वापरायचं नव्हतं म्हणाला, पण मोबाईल खिशात टाकला. सुगंधाबाईंनी मोठ्या पातेल्यात चहा ठेवला आणि रुपानं तो गुळाच्या खड्यासोबत वाटला. रडायला आलेली माणसं गूळ खाऊन गेली.

दुपारी एकच्या सुमारास रतिलाल मामा आले. सुगंधाबाईंचे थोरले भाऊ, वय ऐंशीच्या पुढे. तापीकाठच्या त्यांच्या गावाहून आधी शहाद्याची एसटी, मग रिक्षा, आणि फाट्यापासून पायी. त्यांना निरोप मिळाला होता. तो खोटा असल्याचा फोन मात्र लागला नव्हता. काखेत कागदात बांधलेलं लुगडं होतं. बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. त्या लुगड्याचा कुणी भाव करत नाही, आणि दुकानदार घडी उलगडून दाखवत नाही. शहाद्याच्या स्टँडसमोरच्या दुकानात मामांनी नुसतं बोट दाखवलं होतं.

बहीण समोर दिसली तरी ते थांबले नाहीत. तसेच जवळ गेले, तिच्या गालाला हात लावला, मग दुसऱ्या गालाला.

"भाऊ, मी शे ना. रडू नको."

"मी लुगडं लई उनू व बहीन," मामा म्हणाले. त्यांनी काखेतलं पुडकं तिच्यापुढे धरलं. त्यांची चप्पल तुटलेली होती. फाट्यापासून ते एक पाय अनवाणीच चालत आले होते, आणि टाच फुटून रक्त निघालं होतं.

हेमकांतनं पाणी आणलं आणि मामांचा पाय धुतला. मामा त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की चांगलं केलंस भाच्या, आईसाठी एवढं मानलंस. हेमकांत खाली मान घालून टाच पुसत राहिला. ती पुसून झाली होती तरी पुसत राहिला.

मामा जेवून झोपल्यावर तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला.

"माय, तू मन्हाकरता खोटं बोलनी."

सुगंधाबाई भांडी घासत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"खोटं कोठे? बठना व्हता ना कावया. गया उन्हायामा, गच्चीवर. तवय तू निरोप धाडू नही दिधा."

हेमकांतला आठवलं. आई कुरडया वाळत घालताना घाबरी होऊन खाली आली होती. टाळूवर कावळ्याच्या नखांचा ओरखडा होता. रतिलालला एवढं कळव रे, म्हणाली होती. छबूबाई समोर बसलेली असताना तो आईला अडाणी म्हणाला होता, आणि मी फोन लावणार नाही, म्हणून माडीवर निघून गेला होता. आईनं पुन्हा विषय काढला नव्हता. म्हणजे वर्षभर ती ते मरण डोक्यावर घेऊन या घरात वावरत होती, आणि त्यानं तेही कधी विचारलं नव्हतं.

तो वर गेला. जागृतीबेनचे चार फोन येऊन गेले होते. पाचवा त्यानं घेतला. त्या म्हणाल्या, मी मंडळाच्या सेक्रेटरींना विचारलं, ते म्हणाले की घरगुती कारणासाठी तुम्ही मुद्दाम पाठवला, हे खरं आहे का? हो म्हटलं असतं तर ताकीद मिळून सुटला असता. त्यानं सांगितलं की नाही, कच्ची आवृत्ती कामाच्या मशीनवर लावली, कुंपण आहे का ते पाहिलं नाही. जागृतीबेन म्हणाल्या, साहेबांचा निर्णय होईपर्यंत कशाला हात लावू नका, आणि तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

टूल बनवणाऱ्यांनाही त्यानं खोट कळवली. काय घडलं, या रकान्यात त्यानं लिहिलं, जुनं नाव न समजल्यास सूचना न देता पुढे जाते. कुणाला त्रास झाला का, या रकान्यापाशी तो बराच वेळ बसला. शेवटी तो रकाना कोरा ठेवून त्यानं ते पाठवून दिलं. आभाराच्या यादीत नाव घालू नये, एवढं खाली लिहिलं.

सुरतेला खरं सांगता आलं. गावात मात्र ते कधीच सांगता येणार नव्हतं. सांगितलं तर साठ माणसांदेखत आई खोटी पडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मामांना फाट्यापर्यंत गाडीवर सोडलं. शहाद्याची एसटी लागेपर्यंत उभा राहिला, नवी चप्पल त्यांच्या पायात होती. लुगडं परत न्या, दुकानदार घेईल, असं त्यानं मामांना सांगून पाहिलं होतं. मामा म्हणाले, ते लुगडं परत जात नसतं.

तो घरी आला तेव्हा सुगंधाबाई ओट्यावर कालच्या उरलेल्या तुरी पाखडत होत्या. अंगावर तेच लुगडं होतं, पांढरं, बारीक निळ्या काठाचं. कोऱ्या कापडाची खळ अजून गेली नव्हती, म्हणून सूप वर झालं की पदर कागदासारखा वाजत होता. पाण्याला निघालेली रुपा थांबली आणि तिनं विचारलं, आत्याबाई, नवं लुगडं?

"भाऊनी आनं," सुगंधाबाई म्हणाल्या, आणि सूप पुन्हा वर केलं.

हेमकांतनं गाडी भिंतीला लावली आणि ओट्यावर न चढता खालीच उकिडवा बसून सुपाबाहेर पडलेले दाणे वेचू लागला.