वहीतलं माप

खडूची कड बोथट झाली होती. चपटा, तिकोनी, निळसर खडू... कापडावर रेघ ओढायची तर त्याची कड पात्यासारखी हवी, नाहीतर रेघ जाड येते, आणि जाड रेघेच्या आतून कापायचं की बाहेरून एवढ्यावर कोटाची छाती दोन सूत इकडेतिकडे होते. तिने ब्लेडने खडू तासायला घेतला, दोनदा पातं फिरवलं आणि थांबली. बेंबीच्या उजवीकडे, चार बोटं खाली, ते सुरू झालं होतं... नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी, जेवणानंतर तासाभराने. डावा हात टेबलाच्या कडेवर दाबून तिने मनात वीस आकडे मोजले आणि पुन्हा खडू तासू लागली. कापणीच्या टेबलापासून मागच्या जिन्याखालच्या संडासापर्यंत एकोणीस पावलं होती. अजून तरी जावं लागणार नव्हतं.

साडेपाचला डॉक्टर. सातवे की आठवे? नुसता चेहरा बघून ‘जागरणं कमी करा’ म्हणाले होते त्यांना धरायचं की नाही, यावर ते अवलंबून होतं. नऊ वर्षं झाली. पहिल्यांनी ॲसिडिटी म्हटलं आणि दूध प्यायला सांगितलं, दुसऱ्यांनी दूधच बंद केलं. तिसऱ्यांनी जंतांच्या गोळ्या दिल्या, घरातल्या सगळ्यांना, त्यावरून नवरा आठवडाभर फुगून बसला होता. मग पित्ताशयात खडे आहेत म्हणून एक सोनोग्राफी आणि खडे नाहीत हे बघायला दुसरी. मग कधीतरी, कुणीतरी, घाईत, तिच्या कागदाच्या अगदी वरच्या ओळीत लिहिलं की मानसिक ताण असावा. पुढच्या डॉक्टरांनी ती ओळ वाचली आणि आपल्या कागदावर उतरवून घेतली. त्याच्या पुढच्यांनीही. तेव्हापासून कुणी तिच्या पोटाला हात लावला नव्हता. फाईल उघडायची, वरची ओळ वाचायची, चष्मा काढायचा आणि मऊ आवाजात विचारायचं, “घरी सगळं ठीक ना?”

घरी सगळं ठीक होतं! नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस, बाटलीबाटलीला चिठ्ठी लावायची सवय असलेला माणूस. तिचे कागदही त्यानेच तारीखवार लावले होते, नवीन वर आणि जुने खाली. गरम पाण्याची पिशवी तो न सांगता भरून आणायचा. पण नऊ वर्षांत त्यानेही हात टेकले होते. काल ताटं उचलताना तो म्हणाला होता, “हे शेवटचे. ते म्हणतील ते ऐकायचं. मनाचं म्हणाले तर मनाचं. गोळ्या घ्यायच्या आणि परत पोटाचं नाव काढायचं नाही. कबूल?”

“कबूल,” ती म्हणाली होती.

इतक्या पटकन म्हणाली होती की तिचं तिलाच नवल वाटलं. आणि खरं सांगायचं तर तिला दुखण्याची तेवढी भीती नव्हती, दुखण्याशी तिची ओळख जुनी होती. भीती होती ती या पटकनपणाची. कारण हल्ली कळ आली की ती आधी स्वतःलाच विचारायची — खरंच दुखतंय, की मी दुखवून घेतेय? मोठी बहीण फोनवर हसत म्हणायची, “अगं, तुझं डोकंच दुखतंय, फक्त पत्ता चुकून पोटात जातंय.” तीही हसायची. न हसून करते काय!

चार वाजता निवृत्त ग्रंथपाल कोटाच्या ट्रायलला आले. दहा वर्षांचं गिऱ्हाईक. परवा त्यांच्या वाचनालयात त्यांचा सत्कार होता. त्यांनी हात मागे केले, तिने कोट चढवला आणि एक पाऊल मागे सरून पाहिलं. खांदे दंडावर उतरले होते. पाठीवर पोतं झालं होतं. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या होत्या. दुकानाचे मालक या कामात तरबेज, त्यांनी मागून पाठीचं कापड मुठीत धरलं आणि आरशात बघून म्हणाले, “वा! कसा बसलाय बघा.”

मूठ सुटली, कोट परत लोंबला.

“कोट छानच आहे हो,” ग्रंथपाल ओशाळून म्हणाले. “मीच जरा वाकलोय वाटतं. थांबा, ताठ उभा राहतो.”

आणि ते खरोखर ताठ उभे राहू लागले. मान ताणून, छाती फुगवून, श्वास रोखून... कोटाच्या मापाचं व्हायला बघत होते. ती टाचण्या तोंडात धरून तशीच उभी राहिली. तीन आठवड्यांपूर्वी ते कापड घेऊन आले तो दिवस तिला आठवला. त्या दिवशी एकोणीस पावलं तिने चार वेळा मोजली होती, वाकून टेप लावायचं जिवावर आलं होतं, आणि ती म्हणाली होती, सर, तुमचं माप वहीत आहे, परत कशाला? त्यावर ते चाचरत म्हणाले होते, “हल्ली कपडे ढिले होतात मला, बाई.” आणि तिने... वहीतून डोकं वर न काढता तिने म्हटलं होतं, “वयानं वाटतं तसं.”

वाटतं तसं. किती सहज म्हणाले मी.

तिने टाचण्या काढून मनगटावरच्या छोट्या गादीत खोचल्या. “सर, ताठ नका उभे राहू. नेहमीसारखे राहा. कोट चुकलाय. मी माप घेतलंच नव्हतं.”

मालकांनी डोळे वटारले. तिने तिकडे पाहिलं नाही. टेप काढला आणि पहिल्यांदाच शिकत असल्यासारखी एकेक जागा हाताने चाचपत गेली. उजवा खांदा डाव्याहून खाली आला होता. वहीत दोन्ही सारखे होते.

“किती भरली?” त्यांनी विचारलं.

“छाती अडतीस होती. आता साडेपस्तीस.”

“म्हणजे खरंच झालोय बारीक!” ते म्हणाले, आणि वाईट बातमी ऐकूनही त्यांचा चेहरा मोकळा झाला. “घरी म्हणतात, तुम्हाला उगाच वाटतं.”

“उगाच नाही, सर. दाखवून घ्या कुणाला तरी.” कोट उद्या संध्याकाळपर्यंत उसवून नव्याने शिवून देते, असं तिने कबूल केलं.

ते गेल्यावर मालकांनी चांगलंच फैलावर घेतलं. ती ऐकत होती आणि अंगठा आपोआप स्वतःच्या कुडत्याच्या बाजूच्या शिवणीवर फिरत होता. आत शिवणीच्या चार रेघा होत्या, एकीच्या आत एक. चारही वेळा तिनेच आत घेतल्या होत्या आणि कुठेच लिहून ठेवल्या नव्हत्या.

दवाखान्याच्या बाकावर नवरा आधीच येऊन बसला होता, फाईल मांडीवर घेऊन. नेहमीप्रमाणे वरचा कागद सरळ करत होता. वाटेत दोनदा कळ येऊन गेली होती, ती भिंतीला धरून उभी राहिली होती. या वेळी तिने स्वतःला काही विचारलं नव्हतं.

“नंबर आलाच आपला,” तो म्हणाला. “कालचं ठरलंय ना?”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“ते काही म्हणोत. मनाचं म्हणाले तरी मी पोटाचं नाव काढणार. दुखेल तेव्हा काढणार.”

तो रागावला नव्हता, दमला होता, आणि ते बघून तिला वाईट वाटलं. तरी बोललेलं तिने मागे घेतलं नाही. आतून नंबर पुकारला. त्याने सवयीने फाईल पुढे केली.

“तुझ्याजवळच ठेव,” ती म्हणाली. “आधी पोटाला हात लावू देत. मग मागितली तर घेऊन ये.”

“आणि नाहीच लावला हात तर?”

बेंबीच्या उजवीकडे, चार बोटं खाली, ते होतं तिथेच होतं. ती उठली. ताठ व्हायचा प्रयत्न न करता, दुखत होतं तिथे हात धरून, जशी वाकली होती तशीच दाराकडे चालू लागली.