मधल्या तीन तारा

मित्रांनो, मी एक जुनी हवाईयन स्टील गिटार आहे. अमेरिकेच्या कंट्री संगीतात जे काही रडणं आहे, ते सगळं माझ्या पोटातून निघालेलं आहे. निदान होनोलुलूच्या ज्या दुकानात माझा जन्म झाला, तिथे भिंतीवर टांगलेल्या आम्ही चौदाजणी असंच सांगत होतो. तेव्हा आमच्यापैकी एकीनंही अमेरिकेचा किनारा पाहिलेला नव्हता.

मला आमच्या बेटांवरच्या कोआ झाडाच्या लाकडापासून घडवलं. लाकूड उत्तम होतं. मी मात्र भित्री निघाले, आणि त्यात माझा दोष नाही. साधी गिटार माणूस छातीशी धरतो. मला मांडीवर उताणी झोपवतात. माझ्या तारा बोटांनी दाबत नाहीत. त्या मुद्दाम उंच उचललेल्या असतात आणि त्यांच्यावरून पोलादाची कांडी सरकवतात. त्या सरकण्यातून एक लांब, ओला आवाज निघतो आणि ऐकणारे डोळे पुसतात. उताणं झोपवून अंगावरून थंड पोलाद फिरवलं तर कुणीही तसाच आवाज काढेल, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

मला एझेरा काहेले नावाच्या तरुणानं घेतलं. तो बंदरावर पोती उचलायचा. वाजवायला त्याला त्याच्या मावशीनं शिकवलं. साध्या गिटारीपेक्षा माझ्या मधल्या तीन तारा चढ्या लावायच्या, एवढं कुणालाही सांगता येत होतं. नेमक्या किती चढ्या, हे त्या घराचं गुपित होतं. आमच्या बेटांवर तशी रीतच होती. घराघराची तारांची जुळवणी वेगळी, आणि ती रक्ताच्या नात्याबाहेर जायची नाही. वाजवणं संपलं की गिटार खाली ठेवण्याआधी खुंट्या पिळून तारा बिघडवायच्या, म्हणजे शेजाऱ्यानं उचलली तरी त्याच्या हाती काही लागू नये.

"आणि बाहेर कुणाला कळलं," मावशी म्हणाली होती, "तर मी मेल्यावरसुद्धा येऊन तुझे कान उपटीन."

एझेरानं हे फार मनावर घेतलं. मावशी बरीच धिप्पाड होती.

तेव्हापासून रोज माझ्या तीन खुंट्या आधी चढायच्या आणि मग उतरायच्या. मित्रांनो, खुंटी चढताना तारेला काय वाटतं ते मी सांगते. आपण आत्ता तुटणार, असं वाटतं. रोज तेच वाटतं. सवय होत नाही.

पुढे एझेरा एका नाटक मंडळीबरोबर जहाजानं अमेरिकेला गेला. गळ्यात फुलांच्या माळा घालून आम्ही तंबूत वाजवलं, थंडीत कुडकुडत वाजवलं. ऐकायला डोंगरातले शेतकरी, खाणकामगार, लाकूडतोडे यायचे. त्यांच्याकडे फिडल नावाचं गावठी व्हायोलिन होतं, बँजो होता; म्हणजे भांडण करायला आणि नाचायला वाद्यं होती. दुःख करायला सोयीचं असं काही नव्हतं. ती सोय आम्ही केली. टेनेसीत आमची मंडळी फुटली आणि एझेरा तिथेच राहिला. वेन्डल हॉब्ज नावाच्या माणसाच्या बँडमध्ये ओपल नावाची बाई गायची. एझेरानं आधी तिच्या गाण्यात सूर भरले आणि मग तिच्याशी लग्न केलं.

हा बँड गावच्या रेडिओवर रोज दुपारी बारा वाजता वाजत असे. कार्यक्रमाचा खर्च एक पिठाची गिरणी करायची. ओडेल स्टॅम्प्स फिडल वाजवायचा. तो शिकलेला हिशेबनीस होता. पण त्याला फाटकी गवती टोपी घालावी लागायची. एझेराला काऊबॉयची टोपी दिली होती, आणि त्यानं आयुष्यात गाय हाकलेली नव्हती. रेडिओवर टोप्या दिसत नाहीत हे वेन्डलला कुणी सांगितलं नव्हतं.

वीस वर्षांत एक चमत्कार घडला. एका श्रोत्याचं पत्र आलं आणि वेन्डलनं ते मोठ्यानं वाचलं. 'आमच्या आज्या-पणज्यांच्या डोंगरातलं हे वाद्य तुमचा परदेशी माणूस फार छान शिकला आहे. त्याला आमची शाबासकी सांगा.'

"ऐकलंस का एझेराबाबा?" ओडेल म्हणाला. "अशीच मेहनत करत राहा. जमेल तुला."

"तुझ्या आज्याला सांग, उतारवयात शिकतोय," एझेरा म्हणाला.

सगळे खूप हसले. मी हसले नाही. मला भीती वाटली. आपण कुठून आलो हे लोक विसरू शकतात, ही गोष्ट तेव्हा मला पहिल्यांदा कळली.

बँडमध्ये एझेराच्या गुपिताचा मान होता. पावणेबाराला तो मला मांडीवर घ्यायचा, तेव्हा सगळे पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. ओपलसुद्धा. ओडेल दर वेळी विचारायचा, "म्हातारबा, कानात बोटंही घालू का?" आणि एझेरा दर वेळी म्हणायचा, "घाल. तुझं फिडल ऐकताना मीही घालतो."

मग तो फेब्रुवारी आला. नेहमीप्रमाणे सगळ्यांनी पाठी फिरवल्या. एझेरानं पहिली खुंटी चढवली, दुसरी चढवली आणि तिसरीवर हात ठेवून थांबला. मी वर पाहिलं. ओळखीच्या दारात उभं राहून माणूस आत कुणाला हाक मारायची तेच विसरावा, तसा त्याचा चेहरा झाला होता. मग त्यानं खुंटी पिळली. बरोबर जागा आली. ती मागे गेली. तो पिळतच राहिला. मी ओरडले, म्हणजे तार ओरडली, मला दुसरं तोंड नाही. तार तुटली आणि त्याच्या बोटाच्या पेराला कापून गेली.

"जुनी तार असेल," भिंतीकडे पाहतच वेन्डल म्हणाला.

"जुनीच," एझेरा म्हणाला. तार आदल्या दिवशी घातलेली होती.

त्या दिवशी त्यानं पाच तारांवर वाजवलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र आम्ही दोनदा चुकीच्या सुरात वाजलो. कांडी तीच, हात तोच, आणि आवाज मात्र बैलगाडीखाली मांजर सापडल्यासारखा. ती जुळवणी जगात एकाच डोक्यात होती, आणि त्या डोक्याला गळती लागली होती. मला ती पाठ होती. तीस वर्षं मी तिच्यातच जगले होते. पण स्वतःची खुंटी स्वतः पिळता येईल अशी गिटार अजून कुणी केलेली नाही.

घरी ओपलनं स्वतःच्या ताटात घेवडा आणि मक्याचा पाव वाढला. एझेरापुढे त्याचा भात आणि डब्यातले मासे ठेवले.

"मला सांगून ठेव," ती म्हणाली. "तीन तारा. तीन आकडे. वाणसामानाच्या यादीत लिहून ठेवते, कुणाला कळायचं नाही."

"तू रक्ताची नाहीस."

"बावीस वर्षं तुझे मोजे धुतलेत मी, एझेरा काहेले. तुझ्या मावशीनं किती धुतले?"

"मावशी मोजे घालू द्यायची नाही."

"मग विसरलास तर काय करशील?"

एझेरा भात चिवडत राहिला. मग हळूच म्हणाला, "मी विसरलेलो नाही. थंडी आहे ना, हात आखडतात." त्या दिवशी बाहेर ऊन पडलं होतं.

सोमवारी वेन्डलनं त्याला बाजूला घेतलं. वेन्डल वाईट माणूस नव्हता. वाईट बातमी आणणारा माणूस होता.

"एझेराबाबा, गिरणीच्या साहेबांचा निरोप आहे. मांजर अजून एकदा ओरडलं, तर हवाईवाला बंद. शहरात एक पोरगा विजेची गिटार वाजवतो म्हणे, त्याला आणतील."

"केव्हा ऐकणार आहेत साहेब?"

"शुक्रवारी. सहकुटुंब."

मित्रांनो, मंगळवार ते गुरुवार मी काय भोगलं ते मी लिहीत नाही. आम्ही कार्यक्रमात वाजलो नाही; पडसं झालंय असं एझेरानं सांगितलं. घरी मागच्या खोलीत तो दार लावून मला मांडीवर घ्यायचा. खुंटी वर, खुंटी खाली. कधी दोन तारा बरोबर यायच्या, कधी एक. एकदा तिन्ही बरोबर आल्या. मी जीव तोडून घुमले. हेच, हेच, असं सांगत राहिले. त्यानं मान हलवली, 'छे' म्हणाला आणि सगळ्या पुन्हा उतरवल्या. भिंतीवर खिळा कुठे मोकळा आहे ते मी तेव्हा पाहून ठेवलं. वाजत नसलेल्या गिटारीला शेवटी भिंतीवरच जायचं असतं.

शुक्रवारी पावणेबाराला पाच मिनिटं कमी असताना एझेरा मला खुर्चीवर ठेवून हात धुवायला गेला. त्या दिवशी तो चौथ्यांदा हात धूत होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ओडेल आला. त्यानं दाराकडे पाहिलं आणि मला उचललं.

तीस वर्षांत परक्या माणसानं मला मांडीवर घेतलं नव्हतं. मला वाटलं, आता हा चोरणार. मग आठवलं की चोरायला आत काही शिल्लक नाही, आणि अधिकच भीती वाटली. त्याचा हात पहिल्या खुंटीवर गेला तोच ओपल आत आली.

"ओडेल! ठेव ती खाली!"

"ओपलबाई, आधी दार लाव."

"त्याला कळलं तर मरेल तो!"

"म्हणून तर म्हणतो, दार लाव."

तिनं दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली. ओडेलनं डोळे बारीक केले. पहिली खुंटी. दुसरी. तिसरी चढताना मी नेहमीसारखी मरायला तयार झाले. तार वर गेली आणि नेमक्या जागी थांबली. मावशीच्या जागी. ओपलचा हात तोंडावर गेला. बावीस वर्षं ती ते सूर रोज ऐकत होती, तिला ओळख पटली. ओडेलनं मला खुर्चीवर होती तशी ठेवलं आणि फिडलच्या गजाला राळ लावत बसला.

एझेरा आला. सगळे आले. स्टुडिओच्या काचेपलीकडे गिरणीचे साहेब, त्यांच्या बाईसाहेब आणि तीन मुलं ओळीनं बसली. बँडनं पाठी फिरवल्या. एझेरानं मला मांडीवर घेतलं आणि सवयीनं खुंटीला हात घातला.

त्या दिवशी मी जेवढी घाबरले तेवढी पुन्हा कधी घाबरले नाही. सगळं जागेवर होतं. आता त्यानं केसभर जरी पिळलं असतं, तरी सगळं गेलं असतं. मग त्यानं अंगठ्यानं सहाही तारांवरून एकदा हात फिरवला.

सूर खोलीभर उभा राहिला. भिंतीकडे तोंड केलेल्यांपैकी कुणी हललं नाही. ओपलचे खांदे वर गेले आणि तसेच राहिले. एझेरानं त्या पाठींकडे एकेक करून पाहिलं. वेन्डलची, ओपलची, ओडेलची. मग हळूहळू खुंटीवरचा हात काढला.

"लागली," तो म्हणाला.

"आज लवकर लागली," ओडेल भिंतीला म्हणाला.

"हात मोकळा झाला की वेळ लागत नाही."

बाराचे ठोके पडले आणि आम्ही वाजलो. साहेबांच्या बाईसाहेब रडल्या. मुलं रडली नाहीत, पण ती लहान होती.

त्यानंतर तीन वर्षं एझेरा रोज पावणेबाराच्या आधी हात धुवायला जायचा आणि चांगला वेळ लावून यायचा. त्याला कळलं होतं की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. कार्यक्रम संपला की तो तिन्ही तारा नेमानं उतरवून ठेवायचा. बिघडवायचं मात्र तो शेवटपर्यंत विसरला नाही. मग एका शरद ऋतूत तो गेला, आणि मी ओपलच्या भिंतीवर आले. इथे चुलीचा धूर येतो, हिवाळ्यात लाकूड सुकतं आणि पाठीत बारीक कडकड ऐकू येते. रोज वाटतं, आज तडा जाणार.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी असं एखादं वाद्य असेल तर त्याला चुलीपासून लांब ठेवा, तारा अधूनमधून सैल करा, कोरड्या फडक्यानं पुसा. आणि जी गोष्ट फक्त तुम्हालाच ठाऊक आहे, ती तुमच्यामागे राहणाऱ्या कुणाला तरी वेळेवर सांगा. ती तुमच्याबरोबर गेली, तर ती सांभाळणाऱ्या मुक्या जिवाचं काय होतं, ते मी पाहिलं आहे.

दफन झाल्यावर ओपलनं ओडेलला विचारलं, की घरचं गुपित त्याला कुणी सांगितलं. ओडेलनं फिडलच्या पेटीतून एक पिवळी पडलेली पुस्तिका काढली. 'हवाईयन गिटार घरबसल्या शिका', धडा पहिला, पान चार: मधल्या तीन तारा नेमक्या किती चढ्या लावायच्या. वेन्डलकडेही तीच होती. गावच्या दुकानात तारांचं पाकीट घेतलं की ती फुकट मिळत असे.