व्हर्लिनचं पहिलं पिंप

तळघरात बीटच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवलेल्या बिअरच्या बाटल्या एकापाठोपाठ एक फुटल्या, त्या दिवशी मार्लिसने नवऱ्याला सांगून टाकलं, की यापुढे या घरात एकही बाटली भरायची नाही. काचांचे तुकडे पार वरच्या फळीपर्यंत उडाले होते आणि वर्षभराचं लोणचं फेकून द्यावं लागलं होतं. तिने आवाज चढवला नाही. व्हर्लिनला तेच जास्त लागलं.

व्हर्लिन कूस्टर फॉन्ड डु लॅक गावाच्या आसपासच्या गोठ्यांमधली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. नळ्या, झडपा, गळती यांत त्याची हयात गेली होती. पहाटे कुणाचाही फोन आला, की गायी तुंबल्यात आणि यंत्र ओढत नाही, की हा गाडी काढून निघायचा. बिअर घरी करणं हा त्याचा एकुलता एक छंद. बाटल्यांना बंदी म्हणजे छंदालाच बंदी, असं धरून तो दोनतीन दिवस गुमसुम होता.

मार्ग काढला मेव्हण्याने. ड्युएन हा मार्लिसचा धाकटा भाऊ, सगळ्या विषयांत सल्ला देणारा. बंद पडलेल्या एका हॉटेलातून त्याने सोड्याची दोन जुनी स्टीलची पिंपं उचलून आणली आणि गॅरेजमध्ये दाणकन ठेवली.

"बाटल्या धू, भर, बुचं ठोक, ही हमाली कशाला करतोस?" तो म्हणाला. "बिअर यात ओत, गॅस लाव, आठवड्याने तोटी फिरव. शेंबडं पोरसुद्धा करेल."

त्याने स्वतः असलं पिंप आयुष्यात कधी भरलं नव्हतं, हे व्हर्लिनला फार उशिरा कळलं.

सासऱ्यांचा, एवाल्डबाबांचा, ऐंशीवा वाढदिवस जवळ आला होता. पार्टी व्हर्लिनच्याच गॅरेजमध्ये ठरली होती. म्हातारा जन्मभर दुकानातली डब्यातली बिअर पीत आला होता, आणि जावयाच्या बिअरला तो 'प्रयोग' म्हणायचा. भेटला की विचारायचा, "काय, प्रयोग कुठवर आला?" या वेळी त्याच्या हातात असा ग्लास द्यायचा की तो शब्द पुन्हा त्याच्या तोंडी येऊ नये, एवढंच व्हर्लिनच्या मनात होतं.

त्याने तांबूस रंगाची छान बिअर केली. ती आंबून निवळली, तेव्हा त्याने पिंप कढत पाण्याने धुतलं. आत नाक घातलं तर रूट बिअरचा, म्हणजे पोरांच्या त्या गोड सोड्याचा, वास येत होता. पुन्हा धुतलं, तरी वास होताच. जाईल हळूहळू, असं म्हणून त्याने बिअर ओतली, झाकण लावलं, पिंप जुन्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि गॅसची, म्हणजे बिअरमध्ये बुडबुडे भरणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची, टाकी जोडली.

सकाळी बघतो तर रेग्युलेटरचा काटा शून्यावर. अख्खी टाकी रातोरात हवेत गेली होती. वेल्डिंगवाल्याच्या दुकानातून त्याने ती भरून आणली, साबणाचं पाणी करून सगळ्या जोडांवर ओतलं. एका ठिकाणी बुडबुडे दिसले, तिथे आवळलं. त्याला बरं वाटलं. पण दोन दिवसांनी काटा पुन्हा खाली. दिवसभर लोकांच्या गळत्या काढायच्या आणि घरी आलं की स्वतःच्या फ्रिजपुढे गुडघे टेकून बसायचं. मार्लिस दारात येऊन एकदा म्हणाली, "गोठ्यात जातोस तेव्हा अर्ध्या तासात मोकळा होतोस ना?" तिने ते सहज विचारलं होतं.

पार्टीच्या आदल्या दिवशी ड्युएन मदतीला आला. पिंपाला दोन तोंडं असतात, एक गॅस आत जायला, एक बिअर बाहेर यायला. दिसायला सारखी, मापात जरासा फरक. ड्युएनने गॅसची जोडणी नेमकी चुकीच्या तोंडावर दाबून बसवली आणि ती तिथे अडकली. निघता निघेना.

"जोर लावू नकोस," व्हर्लिन म्हणाला.

"मी कुठे जोर लावतोय?" असं म्हणत ड्युएनने पाना घेतला.

जोडणी निघाली, ती बिअरच्या फवाऱ्यासकट. पार्टीसाठी इस्त्री करून दोरीवर घातलेल्या मार्लिसच्या टेबलक्लॉथवर तांबूस नक्षी उठली. ड्युएनला हसू आलं. व्हर्लिनने फडकं घेतलं आणि तो काही न बोलता फरशी पुसत राहिला, कारण तोंड उघडलं असतं तर मेव्हणा कायमचा तुटला असता.

बिअरमध्ये गॅस तर मुरलाच नव्हता. ड्युएनकडे त्यावरही उपाय होता. दाब चढवायचा आणि पिंप आडवं करून गदागदा हलवायचं. व्हर्लिनला ते पटत नव्हतं, पण हातात दुसरं काही उरलं नव्हतं. दोघांनी गॅरेजभर ते पिंप लोळवलं.

दुसऱ्या दिवशी निखाऱ्यावर सॉसेजं चढली, बटाट्याच्या सॅलडचे वाडगे आले, गल्लीतली माणसं जमली. व्हर्लिनने तोटी फिरवली. फेस आला. पहिला ग्लास फेस, दुसरा ग्लास फेस, मग अख्खा काचेचा जग भरून फेस. नळी होती वीतभर, दाब होता भलताच, त्यामुळे पिंपातून फेसाशिवाय काही येतच नव्हतं. लोक हातात पांढरे ग्लास धरून फेस बसायची वाट पाहत उभे राहिले. तो बसल्यावर तळाशी दोन घोट निघाले, त्यांना गोड सोड्याचा वास. पोरं मात्र वास घ्यायला पुन्हा पुन्हा येत होती.

एवाल्डबाबांनी ग्लासात डोकावून पाहिलं. मिशीला लागलेला फेस पुसला.

"हे खायचं की प्यायचं?"

सगळे हसले. व्हर्लिनही हसला. तेवढ्यात ड्युएन गुपचूप गाडी घेऊन गेला आणि दुकानातून डब्यातल्या बिअरची खोकी घेऊन आला. लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. खोकी उतरवताना तो कुणाला तरी सांगत होता, "मी त्याला बजावत होतो, घाई करू नको म्हणून."

हे व्हर्लिनने स्वतःच्या कानांनी ऐकलं. तो सॉसेजं उलटत राहिला. एक बाजू पार करपली.

सोमवारी तो एका गोठ्यात दूधयंत्राची रबरं बदलत होता. जुनं रबर वास धरतं, चपटं होतं आणि हवा सोडतं, हे तो गवळ्यांना वर्षानुवर्षं सांगत आला होता. परवाही एकाला त्यावरून झापलं होतं. हातातलं रबर तसंच धरून तो थांबला. पिंपाचं एकही रबर त्याने बदललं नव्हतं. त्याला आनंद वगैरे झाला नाही. झाला तो संताप, आणि या वेळी ड्युएनचं नावही घेता येईना.

घरी येऊन त्याने उरलेली बिअर मोरीत ओतली. पिंपाचा स्क्रू न् स्क्रू सुटा केला. झाकणाखालची मोठी रबरी रिंग एका बाजूला दबून पापडासारखी झाली होती. गॅस जात होता तो तिथून. त्याने सगळी रबरं नवी घातली, वीतभर नळी फेकून चांगली लांबलचक नळी लावली, आणि पुन्हा पहिल्यापासून बिअर केली. या वेळी हलवाहलवी केली नाही. थंडीत, बेताच्या दाबाखाली पिंप गपचूप राहू दिलं. ड्युएनचे फोन आले, ते उचलले नाहीत.

तोटी फिरवली तेव्हा बिअर सरळ उतरली आणि वर बोटभर फेस राहिला. मार्लिसने एक घोट घेतला. चांगली झालीय म्हणाली, आणि हे पिंप फुटत नाही ना, असं विचारलं. फुटत नाही, तो म्हणाला.

"मग ठीक आहे," म्हणून ती आपल्या कामाला लागली.

त्याने जग भरला आणि रस्ता ओलांडून सासऱ्यांकडे गेला. म्हातारा रेडिओवर अमेरिकन फुटबॉलचा सामना ऐकत होता. त्याने ग्लास उजेडात धरला, मग न थांबता अर्धा संपवला.

"ड्युएनने नीट करून दिलं वाटतं?"

व्हर्लिनच्या घशाशी बरंच काही आलं. वेल्डिंगवाल्याकडच्या खेपा, पाना, टेबलक्लॉथ, खोकी, टाळ्या.

"नाही बाबा," तो म्हणाला. "मी केलं." आणि तो रबरापासून सांगायला लागला, कसं दबलं होतं, कुठून गॅस जात होता.

एवाल्डबाबांनी हात वर करून त्याला गप्प केलं. रेडिओवर कुणीतरी चेंडू घेऊन धावत होता. धाव संपली, आपलीच माणसं हरत होती. म्हाताऱ्याने एक शिवी हासडली आणि रिकामा ग्लास पुढे केला.

"ओत," तो म्हणाला. "आणि ते रबराचं मध्यंतरात सांग."