दाराखालची बोटं

मित्रांनो, मी एक जुनं, बिननावाचं पुस्तक आहे. बिननावाचं, कारण माझं मुखपृष्ठ कधीच गळून पडलं. मुलांना घाबरवायचं हे माझं काम, आणि ते मी इमानेइतबारे केलं. माझ्या एका पानावर बंद दारासमोर एक मुलगी उभी आहे आणि दाराखालच्या फटीतून पायाची पाच बोटं दिसतात. छापखान्यातला यंत्रावरचा माणूससुद्धा म्हणाला होता, "हे पान पालथं ठेवा रे."

मला एका घरात आणलं. तिथला भाऊ धाकट्या बहिणीला मला वाचून दाखवायचा, कारण तिला अजून वाचता येत नव्हतं. दाराचं पान आलं की तो घोगऱ्या आवाजात एका दमात म्हणायचा, "आतये, आतये." तिची पाचावर धारण बसली की मला मिटून खो खो हसायचा. पुढचं पान त्याने कधी वाचलंच नाही. तरी माझी जागा उशाशी होती, आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या घरात एक खरी आत्या होती. उजेडाने डोकं दुखायचं म्हणून मागच्या खोलीचं दार लोटून ती भाचीचे फ्रॉक शिवायची. भाचीने ऐकलं ते 'आत्ये, आत्ये'. तिला वाटलं, पुस्तकातली मुलगी हाक मारते आणि दारामागे आत्याच असते. त्यानंतर तिने त्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. आत्या तयार फ्रॉक दाराबाहेर ठेवायची. "पोर लाजाळू आहे," असं सगळ्यांना सांगायची. मला फार वाईट वाटायचं, पण पुस्तकाला स्वतःहून बोलता येत नाही.

मुलं मोठी झाली आणि मी वाचनालयाच्या शेवटच्या कपाटात गेलो. तिथे मला कसर लागली. वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही.

एका दुपारी ती धाकटी बहीण आली. केस पिकले होते.

"लहानपणीचं एक भीतीदायक पुस्तक शोधतेय. नाव आठवत नाही. हिरवं होतं. आत्याची गोष्ट होती."

मी कधीच हिरवा नव्हतो.

"आत्याची?" ग्रंथपालबाई म्हणाल्या. "गोष्टींत बदनाम असते ती सावत्र आई. आत्यांना कोण विचारतंय?"

"माझी आत्या अंथरुणाला खिळलीय. सारखी मला बोलावते. मी दारापर्यंत जाते आणि पाय पुढे पडत नाही. या वयात. एकदा ते पुस्तक पाहिलं तर भीती जाईल. दाराखाली बोटं होती."

बोटं म्हटल्यावर बाईंनी मला बाहेर काढलं. तिने ते पान पहिल्यांदाच स्वतः वाचलं. 'आत ये.' दोन शब्द, मध्ये चांगली मोकळी जागा. तिने ती जागा बोटाने चाचपली. मग पुढची सगळी पानं वाचली. आत्या कुठेच नव्हती. मला पिशवीत घालून ती तशीच निघाली.

खोलीचं दार लोटलेलं होतं. या वेळी ती थांबली नाही. पलंगावरच्या म्हातारीने तिच्याकडे पाहिलं आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

"ही कोण बाई?"

"आत्या, मी आलेय."

"हिला बाहेर काढा. हिला आत येऊ देऊ नका."

"कालपर्यंत तुमचाच जप चालला होता हो," शुश्रूषेची बाई हळूच म्हणाली. "सकाळपासून कोणालाच ओळखत नाहीत."

मित्रांनो, धाकट्यांना घाबरवायचं तर खुशाल घाबरवा, माझी ना नाही. पण शब्द तोडून वाचा आणि गोष्ट शेवटपर्यंत न्या. अर्धी गोष्ट पोटात घेऊन माणूस म्हातारं होतं. ती आता रोज जाते, दाराबाहेर खुर्ची ओढून बसते. आत्या अजून घाबरते.